कागदाचं परकर-पोलकं: बेतण्यापासून फ्रेमपर्यंत

शिवणक्लासला गेलेल्या कुणाच्याही घरी एक जाडजूड फाईल सापडते. झबलं, टोपडं, परकर, कटोरी ब्लाऊज असं सगळं छोट्या मापात ब्राऊन पेपरवर बेतून, कापून चिकटवलेलं असतं. शेजारी लाल-निळ्या पेन्सिलीच्या रेघा आणि मापांचा तक्ता. कागदाचे कपडे करून काचेच्या फ्रेममध्ये लावायची जी कला हल्ली भिंतींवर दिसते, तिची सुरुवात करायला या फाईलीइतकी चांगली जागा नाही. शिवण येत असेल तर उत्तम. येत नसेल तरी हरकत नाही, फक्त बेतायची सवय लावून घ्यावी लागेल.

कारण हे काम शिंप्याच्या डोक्याने करायचं असतं. कापडाचा भास व्हावा म्हणून कागदावर मणी, टिकल्या, लेस चिकटवत गेलं की शेवटी मोठं ग्रीटिंग कार्ड तयार होतं. घेर कापातून येतो, फुगा चुण्यांतून येतो आणि गोलाई कात्रे (कडेला दिलेले छोटे छोटे काप) दिल्यावर बसते. एवढं कागदाकडून करून घेतलं की सजावटीची फारशी गरज उरत नाही.

कागद आणि शिवण यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी नमुने विकायला काढले आणि घरी कपडे शिवणाऱ्या बायकांचं काम सोपं झालं. पुढे 1966 मध्ये तिथल्याच स्कॉट पेपर कंपनीने जाहिरातीसाठी एकदा घालून फेकायचे कागदी ड्रेस काढले आणि त्याची काही काळ फॅशनच झाली. पण आपल्या कामाच्या जवळची म्हणजे बेल्जियमची कलाकार इझाबेल द बोर्शग्राव. 2024 मध्ये ती गेली. जुन्या चित्रांतले आणि संग्रहालयांतले राजेशाही पोशाख तिने कागदाचे केले, तेही माणसाच्या पूर्ण मापाचे. किनखाप असो की लेस, कागद स्वतः रंगवून ती त्याचा भास निर्माण करायची. तिच्या कामाचे फोटो मोठे करून बघा, चुण्या कुठे सुरू होतात आणि कुठे सोडून दिल्यात तेवढंच बघा. बरंच शिकायला मिळतं.

पहिल्या कामासाठी मी परकर-पोलकं सुचवेन. नऊवारी मोहात पाडते, पण तिच्यात कापच नाही, सगळा खेळ नेसण्याचा आहे आणि कागद नेसवणं फार अवघड. परकर म्हणजे सरळ आयत आणि चुण्या. पोलक्यात गळा, मुंढा (बाही जोडायचा गोल काप), बाही हे सगळं शिकायला मिळतं. शिवाय घरात कुणाच्या तरी ट्रंकेत लहानपणीचं एखादं परकर-पोलकं असतंच. ते सपाट पसरून टेपने मोजा. तयार फ्रेम त्या मुलीला, आता ती चाळिशीची असली तरी, द्यायला फार छान वाटते.

माप

क्लासच्या फाईलीचंच माप घ्यायचं: पाव. प्रत्यक्षातला 1 इंच म्हणजे कागदावर पाव इंच. शिवणाच्या सामानाच्या दुकानात पाव मापाची पट्टी मिळते, नाहीतर आलेख कागद वापरा. आठेक वर्षांच्या मुलीचं माप धरलं तर हिशेब असा होतो:

परकराची उंची 28 इंच, कागदावर 7 इंच.
कंबर 24 इंच. आपण फक्त पुढची बाजू करणार, म्हणून 12 चे 3 इंच.
पोलक्याची उंची 12 इंच, कागदावर 3 इंच.
छाती 26 इंच, पुढची निम्मी 13, कागदावर सव्वातीन इंच.
पूर्ण शोल्डर 11 इंच, कागदावर पावणेतीन.
गळ्याची रुंदी 5 इंच, कागदावर सव्वा. खोली साडेतीन इंच, कागदावर 1 इंचाला थोडी कमी.
मुंढा 6 इंच, कागदावर दीड.

पोलकं परकरावर अर्धा इंच येतं, म्हणजे एकूण उंची साडेनऊ इंच. हे 12 × 15 इंचांच्या फ्रेममध्ये नीट बसतं. घेर खाली साडेसात इंचांपर्यंत पसरला तरी दोन्ही बाजूंना सव्वादोन इंच मोकळे राहतात. ही मोकळी जागा कमी करू नका. लहान फ्रेममध्ये कोंबलेला परकर दुकानाच्या शोकेससारखा दिसतो.

कागद

परकरासाठी 60 ते 90 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), पोलक्यासाठी 100 ते 120. यापेक्षा जाड कागदाच्या चुण्या बसत नाहीत, आणि बसल्याच तर घडीवर तडे जातात.

मिळाला तर हातकागद घ्या. आपल्याकडचा बराचसा हातकागद सुती चिंध्यांपासून आणि होजिअरीच्या कारखान्यांतल्या कातरणीपासून बनतो, म्हणजे शिंप्याच्या टेबलाखाली पडलेल्या कापडाचाच तो दुसरा जन्म. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात कागद करण्याची परंपरा थेट तुघलकाच्या काळापर्यंत मागे जाते. पैठणीचं पैठण त्याच जिल्ह्यात आहे, हा योगायोग मला आवडतो. सुती कागद वर्षानुवर्षं पिवळा पडत नाही, आणि त्याचे तंतू लांब असल्याने तो चुरगळला, ओला केला, पुन्हा वाळवला तरी तग धरतो.

यंत्रावर बनलेला कागद घेतलात तर त्याची धार ओळखावीच लागते. कापडाला जसा उभा आणि आडवा धागा असतो, तसे अशा कागदाचे तंतू एका दिशेने निजलेले असतात. कागद दोन्ही दिशांनी हलकाच वाकवून बघा, घडी न घालता. ज्या दिशेने तो कमी विरोध करतो, त्या बाकाच्या रेषेला समांतर त्याची धार. धारेच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ येते. आडवी घातली की ती फुटते आणि कडेला पांढरे तंतू दिसू लागतात.

इथे शिवणाऱ्यांची एक सवय आड येते. काठाच्या कापडाचा परकर शिवताना काठ घेराकडे यावा म्हणून उभा धागा कमरेभोवती आडवा फिरतो. कागदात नेमकं उलट करायचं: धार वरून खाली, चुण्यांना समांतर. म्हणूनच साधा ए-फोर कागद इथे फसवतो. त्याची धार बहुधा लांब बाजूने असते, आणि आपल्याला साडेनऊ इंच रुंदीसाठी तीच लांब बाजू आडवी धरावी लागते. मोठा ताव आणा आणि त्यातून हवा तसा तुकडा कापा. हातकागदात ही कटकट कमी, कारण साच्यात हलवून काढलेल्या कागदाचे तंतू सगळीकडे विखुरलेले असतात.

टाळायचे कागदही सांगते. वर्तमानपत्र काही महिन्यांतच पिवळं पडतं. पतंगाचा कागद रंगाने लोभस असतो पण उजेडात पटकन विटतो. क्रेप कागदाला ओला गोंद लागला की रंग सुटतो आणि शेजारच्या कागदालाही लागतो. जुन्या लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद मात्र जपून ठेवा, काठासाठी त्याच्यासारखं काही नाही.

इतर सामान

बारीक टोकाची कात्री, कटर आणि कटिंग मॅट, पोलादी पट्टी, शाई संपलेलं बॉलपेन (घडीची रेघ आखायला), 9 नंबरची हातशिलाईची सुई, भरतकामाचा दोरा, चिमटा, कोरडी गोंदकांडी, थोडा फेविकॉल, 3 आणि 5 मिलिमीटर जाडीची फोमशीट, बारीक तार. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, हे शिंप्याच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

परकर

रंग द्यायचा असेल तर कापण्याआधी द्या. अॅक्रिलिक पाणी घालून पातळ करा, दोन्ही बाजूंना हलका हात फिरवा, नाहीतर कागद एका बाजूला वळतो. रंग पूर्ण सुकल्यावर तो पुस्तकांखाली दाबून ठेवा.

आता 9 इंच रुंद, 7 इंच उंच आयत आखा. कडेला दोन्ही बाजूंना पाव इंच, वर पाव आणि खाली पाव इंच दाब, म्हणजे दुमडायला जादा कागद, सोडून कापा. खालचा दाब मागे दुमडून कोरड्या गोंदाने चिकटवा. मग काठ: पत्रिकेच्या सोनेरी कागदाची अर्धा ते पाऊण इंचाची पट्टी, तिच्या वर एक बारीक दोऱ्याएवढी रेघ. काठ चुण्यांच्या आधीच लावायचा. चुण्या घातल्यावर काठ लावायला गेलात तर तो प्रत्येक घडीत तुटतो. कागद अगदी जाड वाटत असेल तर काठ चिकटवू नका, सोनेरी रंगाने काढा.

चुण्यांचं गणित एकदा समजलं की हात आपोआप चालतो. आपल्याला 9 इंचांचे 3 इंच करायचे आहेत, म्हणजे तिप्पट घेर. वरच्या कडेवर दर पाव इंचाला खूण करा. पहिल्या खुणेवर घडी बाहेर, म्हणजे डोंगर. दुसरीवर घडी आत, म्हणजे दरी. तिसरी खूण तशीच सोडा. पुन्हा डोंगर, दरी, सोडा. असं केल्यावर बारा चुण्या पडतात, प्रत्येकीचं पाव इंच दिसतं आणि अर्धा इंच तिच्या मागे लपतं. घडीच्या जागी आधी कोरड्या बॉलपेनने पट्टीला लावून रेघ ओढा, मगच दुमडा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नख फक्त वरच्या दीड ते दोन इंचांतच द्यायचं. नवशिके वरपासून खालपर्यंत घडी करकरीत करतात आणि परकराचा पंखा होतो. खऱ्या परकरात चुण्या फक्त कमरेला शिवलेल्या असतात, खाली कापड मोकळं लाटेसारखं पडतं. कागदालाही तसं सोडा. 3 इंचांवर आलेली वरची कड चिमट्यांनी धरून ठेवा, मागून एक कागदी पट्टी चिकटवून चुण्या पक्क्या करा, मग खालचा घेर बोटांनी उघडत साडेसात इंचांपर्यंत न्या. कागद ऐकत नसेल तर मागून ओल्या ब्रशचा अगदी पुसटसा हात द्या आणि लाटांच्या आत पेन्सिली ठेवून रात्रभर वाळू द्या. पेन्सिली काढल्या की लाटा तशाच राहतात.

पोलकं

पुढच्या भागाचा अर्धाच नमुना आखा. मधली रेघ कागदाच्या घडीवर ठेवून कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात. बाजूंना, खाली, गळ्याला आणि मुंढ्याला पाव इंचाहून थोडा कमी दाब ठेवा.

खणाचं पोलकं करायचं तर बुट्टीचा आकार विसरू नका. खणावरची बुट्टी मुळात लहान असते, पाव मापात ती जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी व्हायला हवी. छापील कागदावरचे मोठाले मोर कापून पोलकं केलं की एका छातीवर एकच मोर बसतो, आणि बघणाऱ्याला माप चुकल्याचं लगेच कळतं, कारण सांगता आलं नाही तरी. सोनेरी जेल पेन घ्या, फिकट पेन्सिलीने चौकडी आखा आणि रांगेत बुट्ट्या काढा. एका ओळीत सरळ, पुढच्या ओळीत अर्ध्या अंतराने सरकवलेल्या. खणाचे काठ बाहीला आणि पोलक्याच्या खालच्या कडेला येतात, तिथेच द्या.

गळा आणि मुंढा आत दुमडताना दाबाला कात्रे द्या, साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने, दुमडीच्या रेघेच्या अलीकडे थांबून. कापडाला देतात तसेच. कात्र्यांशिवाय गोल गळा चौकोनी होतो. गळ्याला गोठ द्यायचा असेल तर उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीचं काम क्रेप कागद करतो, कारण तो ताणला की वाढतो आणि वळणावर बसतो. फक्त गोंदकांडी वापरा, ओला गोंद नको.

दुमडून झालं की तुकडा तळहातावर उताणा ठेवून चमच्याच्या पाठीने मधोमध हलके गोल घासा. कागदाला किंचित फुगीरपणा येतो. त्याच आकाराची, पण सगळीकडून पाव इंच लहान अशी 5 मिलिमीटर जाडीची फोमशीट आत लावा.

गळ्याच्या आतून मागचा भाग दिसतो, हे बरेच जण विसरतात आणि गळ्यातून थेट भिंत दिसते. मागच्या गळ्याचा छोटा तुकडा अस्तराच्या फिक्या रंगात कापून पोलक्याखाली सरकवा. एवढ्याशा तुकड्याने खोली येते.

फुग्याच्या बाह्या हा या सगळ्या कामातला गमतीचा भाग. 3 इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच तुकडा घ्या, वरची कड अर्धगोल कापा, खाली काठ लावा. कागद पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने दमट करून हातात चुरगळा, उलगडा, पुन्हा चुरगळा, वाळू द्या. तो कापडासारखा मऊ होतो. मग वरच्या आणि खालच्या कडेला सुईने दोन-तीन मिलिमीटरवर आधी भोकं पाडून घ्या, खाली थर्माकोलचा तुकडा ठेवून. त्यातून धावदोरा घाला आणि ओढा. कडा सव्वा इंचावर येईपर्यंत चुण्या गोळा करा. आत टिश्यू कागदाचा बोळा ठेवा, बाही मुंढ्याच्या दाबाखाली सरकवून चिकटवा.

भोकं आधी का पाडायची, तर कागदात सुई चुकली की ते भोक कायमचं राहतं. आणि टाके फार जवळ आले की तिकिटासारखी ओळ फाटते. मशीनवर शिवायची हौस असेल तर टाका सगळ्यात लांब ठेवा, सुई बारीक घ्या आणि सुरुवात-शेवटाला मागेपुढे शिवू नका. दोऱ्याची टोकं मागे ओढून चिकटवा.

पार्श्वभूमी आणि बांधणी

मागे काय असावं यावर मतं वेगळी असतील. मला साधा फिका माउंटबोर्ड आवडतो, किंवा त्यावर त्याच पोलक्याची आखणी: मुंढ्याचा बाक, गळ्याची खोली, मापांचे आकडे. ब्राऊन पेपरची हुबेहूब नक्कल करायची असेल तर खरा ब्राऊन पेपर वापरू नका. त्यातलं आम्ल हळूहळू शेजारच्या कागदात उतरतं. चांगल्या कागदाला चहाच्या रंगाचा हात द्या आणि त्यावर लाल-निळ्या पेन्सिलीने आखा.

परकर आणि पोलकं पूर्ण मागून चिकटवायचं नाही. पावसाळ्यात कागद फुगतो, हिवाळ्यात आक्रसतो, आणि सगळीकडून जखडलेला कागद मग पोपडा धरतो. परकर फक्त कमरेच्या पट्टीवर 3 मिलिमीटर फोमचा तुकडा देऊन लावा. घेराला लपलेल्या घडीत दोन-तीन ठिकाणी दोऱ्याचा टाका घालून तो बोर्डाच्या मागे बांधा. त्यावर पोलकं. वर तारेचा छोटा हँगर वाकवून खांद्यांत अडकवा, पोलकं टांगलेलं दिसतं.

चिकटवण्याबद्दल आणखी एक. मैद्याची खळ जुनी आणि चांगली, पण कसरीला तीच आवडते. पूर्वी बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी, आणि मोरचूद विषारी असतो. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर खळीच्या वाटेला न जाता फेविकॉल थोडाच, काडीच्या टोकाने लावा.

फ्रेमवाल्याकडे

त्याला सांगा, बॉक्स फ्रेम हवी, आत किमान 1 इंच खोली. नेहमीच्या फोटोफ्रेममध्ये काच कामाला टेकते, चुण्या चेपतात आणि दमट हवेत कागद काचेला चिकटतो. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये चारही बाजूंनी पट्टी बसवायला लावा. फ्रेम खूप लांब पाठवायची असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक शीट घ्या, पण ती पुसायच्या नादात ओरखडे पाडू नका.

मागे एमडीएफ किंवा प्लाय लावत असतील तर त्याच्या आणि तुमच्या माउंटबोर्डच्या मध्ये आम्लविरहित कागदाचा एक ताव घालायला सांगा. मागच्या फटी कागदी टेपने बंद करून घ्या, झुरळांची अंडी तिथेच सापडतात. काच लावण्याआधी मऊ ब्रशने सगळं झाडा, कारण आत राहिलेला केस आयुष्यभर दिसतो.

फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेममधून हवा खेळते. पावसाचा मारा येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आणि थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर ती लावू नका. सोनेरी काठ टिकेल, पण पोलक्याचा कुंकवाचा लाल आधी विटेल. काच पुसताना फवारा फडक्यावर मारायचा, काचेवर नाही. काचेवर मारलेलं पाणी ओघळून खालच्या फटीतून आत जातं आणि थेट परकराच्या काठाला लागतं.